सात मासे आणि न मुरलेलं पाणी

अक्षय्य तृतीयेला माणसाने सोनं घ्यावं, जमीन घ्यावी, गेला बाजार मातीचा एखादा माठ तरी घ्यावा. सदानंद शिरधनकरांनी सात मासे घेतले, आणि ते घेताना एक खोटं बोलले. मासे हलके होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत मावले. खोटं मात्र फार जड गेलं. कारण या दिवशी जे कराल ते अक्षय टिकतं, हे त्यांनी चाळीस वर्षांत निदान चाळीस कीर्तनांत पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं.

तसं खोटं छोटंच होतं. वसई स्टेशनच्या पश्चिमेला माशांचं दुकान चालवणाऱ्या फ्लॉईडने विचारलं, "अंकल, टाकीत पाणी भरून किती दिवस झाले?"

"तीन आठवडे," सदानंद म्हणाले.

वस्तुस्थिती अशी होती की त्या घटकेला टाकीत पाणीच नव्हतं. टाकी त्याच सकाळी वालीवच्या काचवाल्याकडून टेम्पोने आली होती आणि हॉलमध्ये शोकेसवर कोरडी ठणठणीत बसली होती.

फ्लॉईडने आधीच्या आठवड्यात दोनदा त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. पोरगा सरळ. गिऱ्हाइकाला माल न विकण्यासाठी इतका घसा कोरडा करणारा दुकानदार सदानंदांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. "अंकल, आधी टाकी भरा, मोटर चालू ठेवा आणि महिनाभर नुसतं पाणी बघत बसा. मासा घाण करतो, ती खाणारे जंतू पाण्यात तयार व्हावे लागतात. लोणचं मुरतं ना, तसं पाणी मुरावं लागतं. नवीन पाण्यात मासा टाकला तर तो आपल्याच घाणीने गुदमरतो."

सदानंदांना लोणचं पटलं, महिना पटेना. दिवा लावलाय, मोटर घुरघुरतेय, आत बुडबुडे येताहेत आणि मासा नाही, म्हणजे गाभारा झाडून-पुसून समई लावायची आणि मूर्ती महिन्याने आणायची! शिवाय त्यांच्याकडे महिना नव्हताच. अक्षय्य तृतीयेलाच संध्याकाळी देवळात सात दिवसांचा कीर्तन सप्ताह सुरू होत होता, आणि सगळी घाई त्यासाठीच होती.

वसुंधराबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलेली बाई. वर्गात एका जागी पाच मिनिटं उभी राहिली नाही, ती आता वॉकर धरून पलंग ते मोरी आणि मोरी ते पलंग एवढीच वारंवार फेरी करत होती. सप्ताहाची पत्रिका घरात आली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "जा तुम्ही. सात दिवस तुम्ही वैकुंठात आणि मी इथे पंख्याची पाती मोजते. तीन आहेत. कालही तीनच होती."

हे वाक्य सदानंदांच्या छातीत काट्यासारखं रुतलं. कीर्तन चुकवावं तर जीव राहत नाही, जावं तर जीव लागत नाही. घरात हलतं-बोलतं काहीतरी हवं. टीव्ही तिला आवडत नसे. कुत्रा गुडघ्यावर उडी मारेल, पोपट सदानंदांची नक्कल करेल. राहिले मासे. बिनआवाजाचे, शिस्तीचे, एका वर्गात मावणारे.

तर अशा रीतीने चार काळ्या मोली, दोन शेपटीवाले गप्पी आणि एक जाडजूड गोल्डफिश दुपारी साडेबाराला घरात आले. शेजारी जमले. कोकणातल्या माणसाने मासे आणलेत आणि पातेलं गॅसवर नाही, हे पाहून पहिल्या मजल्यावरच्या रिटा आंटी म्हणाल्या, "शिरधनकर, एवढे बारीक कशाला आणले? याचं कालवण तरी काय होणार!" मग खुलासा झाल्यावर त्यांनीच सल्ला दिला की पाण्यात चिमूटभर मीठ टाका. बी विंगच्या जोशीकाकूंनी तुळशीचं पान सांगितलं. कुणी म्हणालं तुरटी फिरवा.

सदानंदांनी सगळ्यांचं ऐकलं, कारण शुभकार्यात कुणाला नाही म्हणू नये. त्यांनी टाकी नळाच्या पाण्याने भरली. महापालिकेचं पाणी त्या दिवशी आलं होतं, आणि त्याला औषधाचा असा खमंग वास होता की शुद्धतेबद्दल शंकाच उरू नये. काचेवर हळद-कुंकवाची बोटं उमटली. काशीहून आणलेल्या गडूतलं गंगाजल पडलं, तुळस पडली. मग फ्लॉईडची पिशवी कात्रीने कापून सातही मासे धबकन आत सोडले. आणि तो क्षण इतका मंगल वाटला की जमलेल्या आठ-दहा जणांनी, कुणी सुचवलेलं नसताना, ताम्हनातल्या अक्षता उचलल्या आणि टाकीवर टाकल्या.

लग्नात अक्षता पडल्या की दुसऱ्या दिवशी कुणीतरी झाडून काढतं. टाकीत झाडू चालत नाही. हळदीतले ते तांदूळ खडीत जाऊन बसले ते बसलेच.

"छान आहेत," वसुंधराबाई पलंगावरून म्हणाल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी उशी पाठीला लावून घेतली होती. "सात. हजेरी घ्यायला बरे आहेत."

संध्याकाळी सदानंद कीर्तनाला निघाले, तर जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी जितेंद्र भेटले. वय बत्तीस, पण नियमावली तोंडपाठ.

"काका, मासे आणलेत म्हणे. फॉर्म भरला नाहीत."

"माशांचा फॉर्म?"

"पाळीव प्राण्यांचा. जनरल बॉडीत पास झालाय. प्रत्येक प्राण्याचा वेगळा."

सदानंद खरे तर एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होते. कागदाला घाबरणारे नव्हते. पण हा फॉर्म कुत्र्यांसाठी छापलेला होता. त्यांनी सात प्रती घेतल्या आणि जिन्यातच, खिशातलं पेन काढून, कीर्तनाला दहा मिनिटं उशीर करून भरल्या. प्राण्याचे नाव: मोली. रंग: काळा. रेबीजची लस दिली आहे काय: नाही. गळ्यात पट्टा आहे काय: गळा नाही. भुंकून शेजाऱ्यांना उपद्रव होतो काय: अद्याप तक्रार नाही. लिफ्टमधून नेताना तोंडाला जाळी लावण्याची हमी. इथे सदानंदांनी प्रामाणिकपणे लिहिलं, "जाळी आहे, पण ती मासा धरायची आहे." जितेंद्रने सातही फॉर्म वाचले, सहावा परत दिला. त्यावर सही राहिली होती.

शनिवारी दुपारी टाकीतलं पाणी पांढुरकं झालं. आधी धुकं पडल्यासारखं, मग पाणी घातलेल्या ताकासारखं, आणि संध्याकाळी चक्क दुधासारखं. दुसऱ्या कुणाचं धाबं दणाणलं असतं. सदानंद मात्र काचेसमोर उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वसुंधरा, बघितलंस? क्षीरसागर!"

"मला तर अक्षता कुजल्यासारख्या वाटतायत."

"तुला सगळ्यात गणित दिसतं," सदानंद म्हणाले, आणि कीर्तनाला गेले.

रविवारी सकाळी याहून मोठा चमत्कार झाला. सातही मासे पाण्याच्या पृष्ठभागावर आले होते. तोंडं वर, आणि सगळ्यांचे ओठ एका लयीत हलत होते. उघड-मीट, उघड-मीट. सदानंदांनी आंघोळ झाल्या-झाल्या ते पाहिलं आणि तसेच ओल्या पंच्यावर हात जोडून उभे राहिले. आदल्याच संध्याकाळी बुवांनी पूर्वरंगात सांगितलं होतं की नामाला वाणी लागत नाही, मुकं जनावरसुद्धा नाम घेतं. आणि इथे, तिसऱ्याच दिवशी, त्यांच्या घरात, सात मुकी जनावरं ओठ हलवत होती.

त्यांनी दार उघडून हाक दिली. जोशीकाकू आल्या, त्यांनी गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य आणला. रिटा आंटी चर्चला निघाल्या होत्या, त्याही डोकावल्या आणि छातीवर क्रूसाची खूण करून गेल्या. जितेंद्रने मोबाईलवर व्हिडिओ काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सदानंद टाकीच्या बाजूला उभे राहून समजावून सांगत होते, "तो मोठा बघा, गोल्डफिश. त्याचं अनुसंधान सगळ्यांत पक्कं. मघापासून खाली गेलेलाच नाही."

मग पलंगाकडून वॉकरची खट्-खट् ऐकू आली. वसुंधराबाई टाकीपाशी आल्या, चष्मा नीट केला आणि वर्गात शेवटच्या बाकावरची चूक पकडताना जसं बोलत तसं बोलल्या.

"अहो. ते नाम नाही घेत. श्वास घेतायत."

सदानंद काचेजवळ वाकले.

"पाण्यात त्यांना श्वास मिळत नाहीये म्हणून वर आलेत. मरतायत ते, सदानंद."

लग्नाला चौतीस वर्षं झाली. या बाईने नवऱ्याला नावाने हाक मारली होती ती आजवर दोनदाच. जोशीकाकूंनी नैवेद्याची वाटी पदराआड केली. जितेंद्रने मोबाईल खिशात घातला. पण व्हिडिओ ग्रुपवर पोचला होता आणि चौदा जणांनी हात जोडले होते.

सदानंदांना फ्लॉईडचा शब्द न् शब्द आठवला. आपल्याच घाणीने गुदमरतो. त्यांनी त्याला फोन लावला. रविवार होता, फोन वाजून-वाजून बंद झाला. "मी खोटं बोललो त्याच्याशी," ते खाली बसत म्हणाले. "तीन आठवडे म्हणालो. सणाच्या दिवशी. माझ्या खोट्यापायी या सात जिवांना..."

"ते नंतर," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा फोन आधीच कानाला होता. "बेटी? मी वसू. तुझ्या सॅन्टनच्या वाडीत ते मासेवालं टाकं आहे ना अजून?"

बेटीबाई वसईतल्याच पापडीच्या. वसुंधराबाईंच्या शाळेत त्यांनी तितकीच वर्षं मराठी शिकवलं, आणि दोघींनी एकमेकींच्या डब्यातलं जेवढं खाल्लं तेवढं स्वतःच्या डब्यातलं खाल्लं नसेल. फोनवरून बेटीबाईंचा आवाज हॉलभर ऐकू आला. "आत्ताच्या आत्ता घेऊन या! चर्चमधून आलोच आहोत आम्ही. आणि वसू, डबा मोठा घ्या. झाकण घट्ट लावू नका, नाहीतर सदानंदराव रस्त्यातच अंत्यविधी उरकतील."

माशांची जाळी जितेंद्रने तपासणीसाठी ऑफिसात नेऊन ठेवली होती. म्हणून सदानंदांनी चहाच्या गाळणीने मासे धरले. पांढऱ्या पाण्यात काळी मोली दिसते, पण गप्पी दिसत नाही. आणि भाविक माणसाने घाबरत-घाबरत धरलेल्या गाळणीतून गोल्डफिश दोनदा निसटतो. वसुंधराबाई वॉकरवर टेकून मोजत होत्या. "पाच... सहा... तो दगडामागे आहे, डावीकडे, तुमच्या डावीकडे... सात."

लाडवांच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात सातही जण बसले. सदानंद डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "काका, प्रसाद काय?" सदानंदांनी झाकण थोडं सरकवलं. डब्यात ओठांची उघड-मीट चालूच होती. मासे श्वास घेत होते, आणि नाम सदानंद घेत होते. इतक्या कळवळून त्यांनी ते कधी घेतलं नव्हतं. पहिल्या रांगेत बसून तर नाहीच.

बेटीबाईंचे पती सॅन्टन फाटकाशीच उभे होते. अंगात चर्चचा इस्त्रीचा शर्ट, खाली चिखलाची चप्पल. कमी बोलणारा माणूस. केळीच्या बागेत, बावखलाच्या काठाशी त्यांचं सिमेंटचं टाकं होतं. वसईच्या वाड्यांत हे बावखल म्हणजे पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. त्यातलंच पाणी टाक्यात येई. डासांची अंडी खायला त्यांनी टाक्यात मासे सोडले होते. कडेला हिरवं शेवाळ, वर तरंगणारी पानं, आणि पाणी चहाच्या रंगाचं.

सदानंदांनी डबा उचलून ओतायला हात पुढे केले.

"थांबा," सॅन्टन म्हणाले. "एकदा धबकन टाकलेत ना? आता परत नको."

त्यांनी डबा टाक्यात नुसता तरंगत ठेवला. दहा मिनिटांनी त्यात एक वाटी टाक्यातलं पाणी घातलं. पुन्हा दहा मिनिटांनी एक. सदानंद काठावर उकिडवे बसून बघत होते आणि दर मिनिटाला "आता?" विचारत होते. बेटीबाईंनी त्यांच्या हातात वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी दिली. "खा. तुमचं तोंड चालू राहिलं तर माशांना तरी जरा शांतता मिळेल."

पाऊण तासाने सॅन्टननी डबा तिरका केला. मासे एकेक करून त्या हिरवट पाण्यात शिरले. मोली पानांखाली गेल्या. गोल्डफिश शेवटपर्यंत डब्याच्या काठाशी थांबला, मग खाली गेला आणि वर आलाच नाही. सदानंद काठावर वाकून पाण्यात बघू लागले.

"वर आला नाही, हे चांगलं," सॅन्टन म्हणाले. "श्वास घ्यायला वर यायची गरज पडली नाही. पण चार-पाच दिवस जाऊ दे. मग म्हणू जगले."

त्या संध्याकाळी सदानंद कीर्तनाला गेले नाहीत. हॉलमध्ये बसून त्यांनी टाकी उपसली, खडीतून अक्षता वेचल्या, एक-एक करून. वसुंधराबाई पलंगावरून म्हणाल्या, "जा ना, उत्तररंग मिळेल अजून."

"नको," ते म्हणाले. "पंख्याला खरंच तीन पाती आहेत का बघतो."

त्या हसल्या. मग दोघं उशिरापर्यंत, म्हणजे साडेआठपर्यंत, रिकाम्या टाकीसमोर बसून शाळेतल्या गोष्टी बोलत राहिले. तीन आठवड्यांत एवढं बोलणं झालं नव्हतं.

सोमवारी सदानंद फ्लॉईडसमोर जाऊन उभे राहिले आणि कबुली दिली. फ्लॉईड माशांना खाणं घालत होता. मान वर न करता म्हणाला, "माहीत होतं अंकल. तुमच्या शर्टाला टाकीच्या पॅकिंगचा थर्माकोल चिकटला होता."

"मग दिलेस कशाला?"

"तिसऱ्यांदा आला होतात. म्हणालात, बायको एकटी असते." त्याने खाण्याच्या डबीचं झाकण लावलं. "चूक माझीपण आहे. मी रविवारी फोनपण नाही घेतला, चर्चमध्ये बहिणीच्या मुलाचं पहिलं कम्युनियन होतं. पुढच्या वेळी टाकी भरायला मीच येतो."

माफी मागायला गेलेल्या माणसाची माफी मागितली गेली की काय करावं, हे कुठल्याही आख्यानात सांगितलेलं नाही. सदानंद माशांच्या खाण्याचं एक पाकीट घेऊन निघाले.

देवळात बुवांनी विचारलं, "सदानंदराव, काल पहिली रांग रिकामी होती." बुवा मोठे प्रेमळ, त्यांच्याशी खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता, आणि आता तर कुणाशीच नव्हता. सदानंदांनी अक्षतांपासून गाळणीपर्यंत सगळं सांगितलं. "जगतील का?" बुवांनी विचारलं. "माहीत नाही," सदानंद म्हणाले.

मग रोज दुपारी पापडीची रिक्षा. टाक्याच्या काठावर बसायचं, पानं सारून मोजायचं, फोनवर वसुंधराबाईंना हजेरी द्यायची. मंगळवारी सहाच दिसले. सदानंदांनी उन्हात सव्वा तास बसून सातवा शोधला. बुधवारी सात. गुरुवारी सात, आणि गोल्डफिशने सॅन्टनच्या बोटातून खाणं घेतलं.

"आता म्हणा," सॅन्टन म्हणाले.

गुरुवार सप्ताहाचा शेवटचा दिवस. बेटीबाईंनी फर्मान काढलं की वसूला आज घरात बसवायचं नाही. सॅन्टननी गाडी काढली. वॉकर डिकीत, वसुंधराबाई पुढे. देवळाच्या मंडपात शेवटच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली, शेजारी बेटीबाई आणि सॅन्टन बसले. सदानंद पहिल्या रांगेत जाईनात. ते खुर्चीमागे खांबाच्या आड टेकून उभे राहिले, म्हणून बुवांना ते दिसले नाहीत.

पूर्वरंग रंगात आला. बुवांनी उपरणं सावरलं, चिपळ्या थांबवल्या आणि दृष्टांत सुरू केला. "एक गृहस्थ होते. आपल्या वसईतलेच. मोठे भाविक..."

मंडपात दोनशे माणसं. त्यांतली किमान पन्नास सोसायटीची. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. माना वळायला लागल्या. सदानंदांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बुवांनी अक्षता सांगितल्या, मंडप हसला. क्षीरसागर सांगितला, हार्मोनियमवाले हसताना सूर चुकले. नाम घेणारे मासे आले तेव्हा तर जोशीकाकूंना ठसका लागला. जितेंद्र एवढा हसत होता की त्याने तोंडावर रुमाल धरला. खांबाला टेकलेल्या सदानंदांनी डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षांची पहिल्या रांगेतली पत अशी एका दृष्टांतात वाहून गेली.

मग बुवांचा आवाज उतरला, गंभीर झाला. "मासे गुदमरत होते हो, आणि गृहस्थ म्हणाला नाम घेतायत! आत भक्तीचं पाणी मुरलेलं नाही, आणि वर अक्षतांचा पाऊस. काय होणार? सातही जीव गेले. एकही..."

"जगले!"

चाळीस वर्षांत सदानंद कीर्तनात एक शब्द बोलले नव्हते. गजरातसुद्धा ते हळूच टाळी वाजवत. आपलाच आवाज मंडपात घुमलेला ऐकून ते स्वतःच दचकले. पण आता थांबणं अशक्य होतं.

"बुवा, जगले ते! सातही! आज दुपारी मोजून आलो!"

तबलजीचा हात हवेतच राहिला. बुवांनी पगडी मागे सारून मंडपाच्या टोकाकडे पाहिलं.

"सदानंदराव? मग माझा दृष्टांत मेला की हो!"

मंडपात हशा फुटला. बुवाही हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी जगवले?"

सदानंदांनी दोन्ही हातांनी खुर्चीशेजारी दाखवलं. एवढ्यात मध्यंतराचा हार घेऊन यजमान पुढे आले. रीतीप्रमाणे तो बुवांच्या गळ्यात पडायचा. बुवांनी तो हातात घेतला आणि पहिल्या रांगेतल्या माणसाकडे दिला. "मागे द्या."

हार हातोहात निघाला. पहिल्या रांगेकडून दुसऱ्या, दुसऱ्याकडून तिसऱ्या. जोशीकाकूंनी तो डोळ्यांना लावून पुढे दिला, जितेंद्रने फुलं विस्कटू नयेत म्हणून दोन्ही तळव्यांवर धरून दिला. शेवटी तो वसुंधराबाईंच्या हातात आला. वॉकरच्या दांडीला धरून त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तो बेटीबाईंच्या गळ्यात घातला.

"अगं वसू, हे काय!" बेटीबाई हार काढू लागल्या, मग काढवेना. त्यांनी अर्धा सॅन्टनच्या खांद्यावर टाकला. सॅन्टन अवघडून उभे राहिले, हात जोडले, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने, बहुधा त्या महिन्यातलं सर्वांत लांब वाक्य बोलले.

"आम्ही काही नाही केलं. पाणी जुनं होतं, तेवढंच."

बुवांनी ते ऐकलं. क्षणभर मान डोलावली, आणि चिपळ्या उचलल्या. सदानंद अजून उभेच होते, हात जोडून, नाक ओढत. मागे उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "काका, खाली बसा, दिसत नाही." बेटीबाईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली ओढलं.

"बसा हो, सदानंदराव. मासे जगले. आता बुवांना गाऊ दे."